झडती कोणाच्या सामानाची?

आखाती देशांतून येणारी बरीचशी विमाने मुंबईला अपरात्री किंवा पहाटे उतरतात. त्या वेळी सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर दिसणारी खोकी लंडन-न्यूयॉर्कहून परतणाऱ्यांच्या गुळगुळीत बॅगांहून लांबूनच वेगळी ओळखू येतात. पुठ्ठ्याची, सुतळीने करकचून बांधलेली. वर जाड शाईने मालकाचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका दापोली किंवा खेड, जिल्हा रत्नागिरी. आत चादरी, अत्तराच्या कुप्या, मुलांची खेळणी, घरच्यांसाठी एखादा मोबाईल आणि पदरी पैसा उरला असेल तर दूरदर्शन संच. हा माणूस वेल्डर असतो, गवंडी असतो, कोणाच्या मोटारीचा चालक असतो. दोन-दोन वर्षांची रजा साठवून तो महिनाभरासाठी घरी निघालेला असतो. विमानात तो निर्धास्त झोपलेला असतो. धडधड सुरू होते ती पट्ट्यापासून बाहेरच्या दारापर्यंतच्या शे-दोनशे पावलांत. तेथे एक हिरवा मार्ग आहे, एक लाल मार्ग आहे, आणि मध्ये उभा असलेला अधिकारी नेमके पुठ्ठ्याचे खोके पाहून बोट दाखवतो, हा अनुभव कोकणातल्या प्रत्येक मोहल्ल्यात आणि वाडीत सांगितला जातो.

फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने प्रवाशांच्या सामानासंबंधीचे नवे नियम लागू केले आणि विमानाने परतणाऱ्या भारतीयाची शुल्कमाफीची मर्यादा ५०,००० रुपयांवरून ७५,००० रुपयांवर नेली. या वाढीला दिलासा म्हटले गेले. दहा वर्षांनी झालेल्या या दिलाशाचा हिशोब मात्र कोणी मांडला नाही. प्रवासी परदेशातली वस्तू रुपयांत विकत घेत नाही. २०१६ साली, जुनी मर्यादा ठरली तेव्हा, डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता. त्या ५०,००० रुपयांचे सुमारे ७५० डॉलर होत. २०२६ च्या आरंभी डॉलरने नव्वदी गाठली. ७५,००० रुपयांचे सुमारे ८३० डॉलर होतात. म्हणजे कागदावर दीडपट झालेली माफी प्रत्यक्षात दहा-अकरा टक्क्यांनी वाढली, आणि बाकीची वाढ रुपयाच्या घसरणीने आधीच गिळून टाकली होती. दहा वर्षांत वस्तूंच्या किमती कोठे गेल्या हे यात धरलेलेच नाही.

नियमांच्या तपशिलात शिरले म्हणजे त्यामागची वृत्ती अधिक स्पष्ट होते. २०१६ च्या नियमांनी एका कुटुंबातील प्रवाशांच्या माफीची बेरीज करण्यास मनाई केली. नवरा-बायको दोघांची मिळून माफी एक लाखाची. परंतु त्यांनी ९०,००० रुपयांचा एक नवा फोन आणला तर तो एकाच्याच नावावर धरायचा आणि वरच्या ४०,००० रुपयांवर ३८.५ टक्के दराने १५,४०० रुपये भरायचे. दूरदर्शन संचाची कथा तर याहून बोलकी आहे. २०१२ च्या अर्थसंकल्पाने सामानाची माफी ३५,००० रुपये केली तेव्हा २५,००० रुपयांचा संच तीत सहज बसत असे. २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट पडद्याचा संच माफीच्या कक्षेतून सर्वस्वी काढून टाकण्यात आला. त्याच संचावर ३६.०५ टक्क्यांनी नऊ हजारांहून अधिक रुपये भरण्याची पाळी आली. २०१६ च्या नियमांनी तो संच वगळलेल्या वस्तूंच्या परिशिष्टातच ठेवला. त्या परिशिष्टात त्याचे शेजारी म्हणजे बंदुका, काडतुसे आणि ठरावीक संख्येपलीकडच्या सिगारेटी.

२०१३ साली असे करण्याचे कारण काय होते? रुपया कोसळत होता, परकीय चलनाच्या खात्यातली तूट वाढत होती आणि प्रवाशांनी आणलेल्या संचांमुळे देशातील कारखानदारांचा बाजार बुडतो अशी तक्रार होती. ही दोन्ही कारणे वरवर पाहता गंभीर आहेत. समाजवादी कार्यकर्त्याला तर ती परिचित वाटतील, कारण परकीय चलनाची काटकसर आणि स्वदेशी उद्योगाचे संरक्षण ही त्याचीच भाषा. म्हणूनच ती तपासून घेणे अवश्य आहे.

परकीय चलन कोणाचे? जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले. जगात कोणत्याही देशाला मिळालेली ही सर्वात मोठी रक्कम. आता या रकमेत अमेरिका-इंग्लंडमधील सुशिक्षितांचा वाटा आखातापेक्षा वाढला आहे हे खरे. परंतु १९७३ च्या तेलदरवाढीनंतर कितीतरी वर्षे या देशाच्या तिजोरीत डॉलर ओतले ते उन्हात तापलेल्या मचाणांवर उभे राहणाऱ्या कामगारांनी. १९९० साली कुवेतवर इराकचे आक्रमण झाले आणि सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. पुष्कळांनी आयुष्याची कमाई तेथेच टाकून दिली. तेलाचे भाव भडकले, आखातातून येणारा पैसा आटला, आणि पुढच्याच वर्षी सरकारवर ४७ टनांच्या घरातले सोने परदेशी बँकांकडे गहाण टाकण्याची नामुष्की ओढवली. म्हणजे या माणसाचा पैसा बंद झाला की देश गहाण पडतो. आणि तोच माणूस आपल्या मिळकतीतून एक संच घेऊन आला की तो परकीय चलनाचा शत्रू ठरतो! ज्या डॉलरांची त्याने उधळपट्टी केली म्हणायचे ते त्याने स्वतः मिळवलेले होते आणि त्यांच्या कितीतरी पट त्याने आधीच घरी धाडलेले होते.

येथे समाजवादी चळवळीने थोडे आत्मपरीक्षण करणेही योग्य ठरेल. 'फॉरेन'च्या वस्तूंची ओढ ही चंगळवादी, पोकळ मनोवृत्ती आहे असे या चळवळीत दीर्घकाळ मानले गेले. १९७७ नंतर जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी न मानणाऱ्या कोका-कोला आणि आयबीएम या कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला, याचा कार्यकर्त्यांना रास्त अभिमान आहे. परंतु बहुराष्ट्रीय कंपनीला अटी घालणे आणि कामगाराच्या पेटीतला टू-इन-वन जप्त करणे या दोन गोष्टी एकाच तत्त्वाच्या नव्हेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांना परवाने मिळत, ज्यांची मुले शिकायला परदेशी जात, त्यांच्या दिवाणखान्यांत जपानी यंत्रे होतीच. ज्यांना ते जमत नव्हते ते मुसाफिरखान्यात आणि मनीष मार्केटात जात. चैन म्हणून हिणवली गेली ती मात्र मोहल्ल्यातल्या घरातली. त्या घरात बाप आणि मुले एकमेकांना दोन वर्षांतून एकदा भेटत, आणि टू-इन-वनच्या कॅसेटवर आवाज भरून पाठवणे हाच त्यांचा पत्रव्यवहार होता. निरक्षर आईला पत्र वाचून दाखवायला शेजाऱ्याकडे जावे लागत नव्हते. त्या यंत्राला चैनीची वस्तू म्हणणाऱ्यांनी ते घर पाहिलेले नव्हते.

सर्वसामान्य माणसाची साधी इच्छा गुन्हा ठरवली म्हणजे त्या इच्छेवर कोण पोसले जाते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. सुवर्णनियंत्रणाच्या काळात सोने यायचे थांबले नाही; ते किनाऱ्यावरून येऊ लागले. १९७४ साली हाजी मस्तान आणि सुकुर नारायण बखिया यांच्यासारख्यांना स्थानबद्ध करण्यात आले तेव्हा या धंद्याचा पसारा लोकांना कळला. सोन्याबरोबर घड्याळे येत, कापड येत, ट्रान्झिस्टर येत. या अनुभवातून शहाणपण घेतले तेही एका समाजवाद्यानेच. कोकणातील राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधु दंडवते १९८९-९० मध्ये अर्थमंत्री होते; सुवर्णनियंत्रण कायदा रद्द झाला तो त्यांच्या कारकिर्दीत, १९९० साली. नियंत्रण हे साधन आहे, ते फसले तर बदलायचे असते, एवढा मोकळेपणा त्यात होता.

तस्करीचा उल्लेख निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. पुढच्याच महिन्यात, १२ मार्चला, ते मुंबईत फुटले आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. या खटल्यात टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही होते. त्याच जिल्ह्यातला, कदाचित त्याच तालुक्यातला कामगार त्या वर्षीही विमानतळावर आपले खोके उघडून दाखवत होता. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर नवा की वापरलेला यावर त्याची उलटतपासणी होत होती. कडक कायदा आणि कडक पहारा यांत फरक असतो. कायदा जितका कडक, तितकी तो वाकवण्याची किंमत जास्त. आणि ती किंमत देण्याची ऐपत खोकेवाल्याची नसते.

आता दुसरे कारण, स्वदेशी उद्योगाचे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, आणि परदेशी सुट्या भागांची जुळणी करून त्यावर देशी नाव चिकटवण्याचा उद्योग फोफावला. या उद्योगाला आयातशुल्काच्या तटबंदीचे संरक्षण मिळाले. महाराष्ट्रातच त्याचे ठळक उदाहरण आहे. औरंगाबादजवळच्या चितेगावचा व्हिडिओकॉनचा कारखाना एके काळी मराठवाड्याच्या औद्योगिक प्रगतीची खूण म्हणून दाखवला जाई. २०१८ साली या समूहाचे प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेले. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे. २०२१ च्या जूनमध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केलेली बोली २,९६२ कोटींची. दर शंभर रुपयांमागे पंच्याण्णव बुडाले. पुढे अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली, पण बुडालेला पैसा मुख्यतः सार्वजनिक बँकांचा होता हे त्याने बदलत नाही. प्रवाशाच्या संचावर नऊ हजार रुपये घेऊन ज्या उद्योगाचे संरक्षण केले, त्यात असेही मालक होते.

आजची तटबंदी मोबाईलभोवती आहे. २०१८ साली मोबाईलवरील आयातशुल्क २० टक्के झाले. २०२४ मध्ये ते १५ वर आले. २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेखाली या उद्योगासाठी सुमारे ४१,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. कारखाने उभे राहिले, लाखभर हातांना, विशेषतः तरुण मुलींना काम मिळाले, निर्यात वाढली. हे नाकारण्यात अर्थ नाही. संरक्षणाचे धोरण मुळातच चुकीचे आहे असे समाजवादी कधी म्हणणार नाहीत. प्रश्न एवढाच की संरक्षणाच्या बदल्यात काय मागितले? डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर परिसरात फोन जुळवणाऱ्या स्त्री कामगार अन्नातून विषबाधा झाल्यानंतर महामार्गावर उतरल्या, तेव्हा वसतिगृहांत त्यांना कसे कोंबले जाते हे जगाला कळले. त्याच श्रीपेरुंबुदूरला ९ सप्टेंबर २०२४ पासून सॅमसंगच्या कामगारांनी ३७ दिवस संप केला. त्यांची प्रमुख मागणी पगाराची नव्हती, युनियनला मान्यता देण्याची होती! जनतेच्या पैशातून आणि ग्राहकाच्या खिशातून ज्याला संरक्षण द्यायचे त्या उद्योगाला संघटनेचा प्राथमिक हक्क मान्य करण्याची अटही सरकार घालत नाही. ही अट नसलेले संरक्षण कामगाराचे नसते, नफ्याचे असते.

आणि त्या नफेवाल्यांकडून शुल्क कसे वसूल होते? जुलै २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने ओप्पो या कंपनीवर ४,३८९ कोटी रुपयांचे सीमाशुल्क चुकवल्याचा आरोप ठेवला. आयात केलेल्या भागांचे वर्णन चुकीचे देणे आणि स्वामित्वशुल्क किमतीत न धरणे असे त्याचे स्वरूप. पुढच्याच महिन्यात विवोवर २,२१७ कोटींचा असाच आरोप झाला. कंपन्यांना बाजू मांडण्याचा हक्क आहेच; नोटीस, उत्तर, सुनावणी, न्यायाधिकरण, उच्च न्यायालय असा त्यांचा मार्ग आखलेला आहे. त्या मार्गावर वकील असतात, तारखा असतात, आणि दरम्यान माल बाजारात विकला गेलेला असतो. खोकेवाल्या प्रवाशालाही कायद्याने अपिलाचा हक्क आहे. परंतु बाहेर भाड्याची जीप थांबलेली, आत नऊ-दहा तासांचा थकवा, खिशात मोजके दिरहम. तो अपील करत नाही. तो पैसे भरतो किंवा वस्तू सोडून देतो. आणि पावती मागण्याचे धैर्य त्याला नसेल तर तिसराही एक मार्ग त्याच्या कानात सांगितला जातो.

लॅपटॉपचे उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप माफीच्या मर्यादेबाहेर, शुल्काविना आणता येतो. ३ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारने लॅपटॉपच्या व्यापारी आयातीवर अकस्मात परवान्याचे बंधन घातले, तेव्हाही प्रवाशाच्या सामानातला लॅपटॉप त्यातून वगळला. हा समंजसपणा स्तुत्य आहे. परंतु लॅपटॉप कोण आणतो आणि दूरदर्शन संच कोण आणत होता, हे पाहिले म्हणजे समंजसपणाला वर्ग असतो हे कळते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. कामगारांच्या नावाने व्यापारी माल आणवतात. तिकिटाचे पैसे आणि वर थोडी रक्कम देऊन गरजू माणसाला खेपिया बनवले जाते. कोणाच्या कमरेला सोन्याची पेस्ट बांधली जाते, कोणाच्या खोक्यात डझनभर फोन ठेवले जातात. पकडला जातो तो खेपिया, तुरुंगात जातो तो खेपिया. माल पाठवणाऱ्याचे नावही त्याला ठाऊक नसते. या प्रकाराला कोणतीही सहानुभूती दाखवण्याचे कारण नाही. पण डझनभर फोन आणि घरच्यांसाठी एक संच यांतला फरक ओळखण्यास क्ष-किरण यंत्राचीही गरज नसते. फरक ओळखायचा नसतो तेव्हाच सर्वांना एका रांगेत उभे केले जाते.

पक्षाने या प्रश्नावर स्पष्ट मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. परदेशात मजुरी करणाऱ्याची माफी तीन दिवसांच्या सहलीवरून परतणाऱ्याच्या माफीशी जोडू नये. ती कामाच्या वर्षांशी आणि त्याने बँकेमार्फत घरी पाठवलेल्या पैशाशी जोडावी. कुटुंबाची माफी एकत्र धरावी. दूरदर्शन संचासारखी घरोपयोगी वस्तू, घरटी एक, माफीत पुन्हा घ्यावी. मर्यादा रुपयाच्या विनिमयदराप्रमाणे दर वर्षी आपोआप बदलावी, म्हणजे दहा-दहा वर्षांनी दिलाशाची जाहिरात करण्याची गरज पडणार नाही. घोषणापत्र आणि दरपत्रक मराठी, हिंदी आणि उर्दूत विमानतळावर ठळकपणे लावावे. आणि आयातशुल्काचे संरक्षण घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यावर युनियनच्या मान्यतेची अट घालावी. ही शेवटची मागणी पहिल्या मागण्यांपासून तोडता येणार नाही, कारण ती तोडली तर आखातातला कामगार आणि श्रीपेरुंबुदूरचा कामगार एकमेकांचे वैरी म्हणून उभे केले जातील, आणि मालकवर्गाला तेच हवे आहे.

मागण्या मान्य होईपर्यंत करण्यासारखे कामही पुष्कळ आहे. २०१६ च्या नियमांत परदेशात काम करून परतणाऱ्यांसाठी, तीन महिने ते दोन वर्षे अशा वास्तव्याप्रमाणे ६०,००० पासून पाच लाखांपर्यंत चढत जाणाऱ्या वेगळ्या सवलती होत्या. परंतु अटी आणि परिशिष्टे यांच्या जाळ्यात त्या अशा गुंतवलेल्या की ज्यांच्यासाठी त्या होत्या त्यांतील बहुतेकांच्या कानीही गेल्या नाहीत. नव्या नियमांचे तसेच होऊ नये. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, महाड, श्रीवर्धन येथील शाखांनी नवे नियम सोप्या मराठीत आणि उर्दूत छापून घ्यावेत आणि एस.टी. स्थानकांवर, मशिदींच्या व देवळांच्या आवारांत, पासपोर्टची कामे करणाऱ्या दुकानांत लावावेत. सीमाशुल्क कायद्याचे ७७ वे कलम खरी घोषणा करण्यास सांगते. ८० व्या कलमाप्रमाणे अशी खरी घोषणा करणारा प्रवासी शुल्क भरण्याऐवजी वस्तू खात्याच्या ताब्यात ठेवून, देश सोडताना ती परत मागू शकतो. महिनाभराच्या रजेवर आलेल्या आणि पुन्हा आखातात जाणाऱ्या माणसाला या कलमाचा किती उपयोग आहे हे सांगायला नको. महागडी वस्तू येथून बाहेर नेताना विमानतळावर तिचा दाखला करून घेतला तर परत आणताना तिच्यावर वाद होत नाही. दुसऱ्याचे खोके, दुसऱ्याचे पाकीट, ओळखीच्या माणसाने दिले तरी घेऊ नये. आणि पैसे भरले तर पावती घेतल्याशिवाय तेथून हलू नये. मे महिन्यात आणि ईदेच्या सुमारास सुट्टीवर येणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी असते. पत्रके त्याआधी गावोगाव पोचली पाहिजेत, आणि ज्यांच्याकडून पावतीविना पैसे घेतले गेले त्यांच्या लेखी तक्रारी गोळा करून त्या जिल्हा कचेरीकडे पाठवण्याची जबाबदारी प्रत्येक तालुक्यात एका कार्यकर्त्याकडे नावानिशी सोपवली गेली पाहिजे.